घराला कुलूप होतं

ओळीत अकरा बाया होत्या. बारावी कधी चिखलात उतरली ते गिरजाबाईला कळलंच नाही.

आषाढ लागून आठवडा झाला होता. खांब गावाच्या अलीकडे हमरस्ता सोडून डोंगराच्या अंगाला वळलं की मोहवाडी लागते. तिथल्या खालच्या खाचरात लावणी चालली होती. रघूने, गिरजाबाईच्या मुलाने, उजाडता उजाडता चिखलणी करून दिली होती. तो डोलवीला कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होता. बुधवार ते रविवार सुट्टी मिळाली होती, आणि सोमवारी एक शिफ्ट खाडा करीन, पण चारही खाचरं उरकून जाईन, असं तो आईला म्हणाला होता. गिरजाबाई ओळीच्या टोकाला उभी राहून हात चालवत होती. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, पण मागे पडणारीला ती बोलल्याशिवाय सोडायची नाही.

"मालू, दोन बोटं आत खोच. वर तरंगतंय रोप."

"खोचते गो," मालू म्हणाली. ती शेजारघरची. ती बोलली आणि एकदम गप्प झाली. तिच्या पलीकडची गप्प झाली. मग सगळीच ओळ. नुसता पावसाचा आवाज आणि चिखलातून पाय निघण्याचा आवाज. गिरजाबाईने वाकल्या वाकल्या मान वळवली.

दुसऱ्या टोकाला डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेतलेली एक बाई लावत होती. तोंड दिसत नव्हतं, हात दिसत होते. डाव्या हातातली मूठ ती अंगठ्याने सोडत होती, उजव्या हाताने तीन-तीन काड्या खोचत पाठी सरकत होती, इतकी भराभर की शेजारणीची ओळ मागे राहिली होती. अंगठ्याने मूठ सोडायला गिरजाबाईनेच शिकवलं होतं, आई गेल्यावर, नऊ वर्षांच्या धाकट्या बहिणीला.

ती उभी राहिली. गिरजाबाईच्या हातातली मूठ पाण्यात पडली.

चौदा वर्षांपूर्वी ह्याच बहिणीला, सरूला, तिने बाळंतपणात मदतीला आणली होती. मूल मेलेलं जन्मलं. गिरजाबाई दीड महिना अंथरुणात होती. उठली तेव्हा भात पिवळं झालं होतं. कापणीच्या चौथ्या दिवशी सरू घरात नव्हती, आणि गिरजाबाईचा नवरा जनू, तोही नव्हता. रघू तेव्हा आठ वर्षांचा होता. तो दुपारपर्यंत बापाचा विळा हातात धरून शेतात उभा होता.

"हिला कोनी बोलावली?" गिरजाबाईने विचारलं.

त्या बाईने मान वर केली नाही. ती लावत राहिली.

एवढ्या बायांसमोर तिला झिंज्या धरून बांधावर ओढावं असं गिरजाबाईला वाटलं. तेवढ्यात मालूने पाण्यातली मूठ उचलून तिच्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "चिखल बसंल गो. लाव." गिरजाबाई वाकली. दुपारपर्यंत तिने काय लावलं ते तिचं तिला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी मालूने तिची अर्धी ओळ उपटून पुन्हा लावली.

दुपारी बाया ऐनाच्या झाडाखाली बसल्या. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी सुटली. सरू लांब, बांधावर, पावसातच बसली. तिच्याकडे भाकरी नव्हती. मालूने गिरजाबाईकडे पाहिलं, गिरजाबाईने भाकरीच्या टोपलीवर फडकं ओढलं.

तेव्हा सरूच उठून आली. पाच हातांवर थांबली. चाळिशीही गाठली नव्हती तिने, पण तोंड म्हातारीचं झालं होतं.

"बाय," ती म्हणाली, "ते गेले."

गिरजाबाई तिच्याशी बोलणार नव्हती. पण आतून एकदम काहीतरी उसळून वर आलं, जवळजवळ आनंदच. "तुला पन टाकून गेला?"

"नाय गो. वारले. वैशाखात. पेनच्या खाडीवर, मिठागरात."

एका बाईच्या हातातला तुकडा तसाच राहिला. अकरा बायांची नजर गिरजाबाईच्या हातांवर गेली. चिखलाने माखलेल्या मनगटांत हिरव्या बांगड्या होत्या. दोन महिने ती विधवा होती आणि तिला ते माहीत नव्हतं. आणि सांगायला आली ती कोण, तर ही.

"एवढं सांगायला आलीस?"

"त्यांनीच सांगितलेलं. तिला जाऊन सांग, म्हनाले. आनि," सरूने डोक्यावरचा कागद सारखा केला, "मला दुसरीकडं जायला जागा नाय, बाय. गोठ्यात पडेन. काम करेन."

बैलांना पाणी पाजून रघू आला तेव्हा हे सगळ्या बायांना माहीत होतं आणि त्याला नव्हतं. मालूनेच सांगितलं. त्याने मावशीकडे पाहिलं. त्याच्या ओठांवर पावसाचं पाणी होतं, ते त्याने पुसलं नाही. "बाबा मेले?" त्याने विचारलं. एवढंच. मग तो बैलांकडे परत गेला आणि न जेवता चिखलणीला लागला.

*

सरू गोठ्यातच पडली. ये असं कुणी म्हणालं नाही, जा असंही नाही.

गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी खाचरात होती. गिरजाबाई तिच्याशी बोलली नाही. मालूने तिला भाकरी दिली, गिरजाबाईने पाहून न पाहिल्यासारखं केलं. सरूचे पाय मात्र तिच्या नजरेतून सुटेनात. चिखलातून बांधावर पाय ठेवला की दिसायचे. टाचा उभ्या फाटलेल्या, बोटांच्या बेचक्यांत पांढरट खड्डे, घोट्यावर जुन्या जखमांचे गोल वण. मिठाच्या पाण्याने खाल्लेले पाय.

मोहवाडीत पाच घरं ख्रिस्ती. आजोबांच्या काळी मिशनच्या लोकांनी बाप्तिस्मा दिलेला. गावच्या वरच्या अंगाला पत्र्याचं प्रार्थनाघर आहे. रोह्याचे पाळक महिन्यातून एकदा येतात, बाकीचे रविवार दाजी चालवतात. दाजी मंडळीतले वडील, आणि त्यांच्यानंतर शब्द चालायचा तो गिरजाबाईचा. जनूचं नाव मंडळीच्या पटावरून काढायला तिनेच लावलं होतं. नवऱ्याचं नाव बाईने स्वतः कापायला लावलं, ही गोष्ट लोक दहा वर्षं सांगत होते. मागच्या वर्षी पोपट ताडी पिऊन आला तर भर उपासनेत तिने त्याला उभा केला. बायको-पोरांसमोर तो रडला होता. नंतर चार महिने त्याला प्रभुभोजनाची भाकर मिळाली नाही. सगळे म्हणायचे, गिरजाबाई म्हणजे सरळ काठी. वाकायची नाही.

शुक्रवारी रोपं काढायची होती. दोघी बहिणी राबाच्या वाफ्यात पाटाला पाट लावून बसल्या. मालू तापाने पडली होती, नाहीतर गिरजाबाई सरूजवळ बसलीच नसती. पाऊस थांबला होता. रोप उपटायचं, मुळं पायावर आपटून चिखल झाडायचा, मूठ बांधायची. बराच वेळ नुसतं तेवढंच चाललं.

मग गिरजाबाईने विचारलं, मान खाली ठेवून. "कशानं गेला?"

"छातीनं. तीन वर्सं खोकत होते. आगरात काम होईना. मीच जायची. ते झोपडीत बसून भात शिजवायचे."

"भात शिजवायचा?" गिरजाबाईचा हात थांबला. तिच्या घरात त्याने पाण्याचा तांब्या कधी हाताने घेतला नव्हता.

"शिजवायचे. करपवायचे." सरू किंचित हसली आणि लगेच घाबरली. "बाय, तुला एक सांगायचं हाय. दोन वर्सांमागं ते तुज्याकडं आलते."

गिरजाबाईने रोप उपटलं. मुळं झाडली नाहीत.

"ह्याच दिसांत. मी नको म्हनत होते, पावसात जाऊ नका. म्हनाले, मला तिच्या पायावर डोकं ठेवायचंय, मग मेलो तरी चालंल. सकाळच्या गाडीनं गेले. रात्री आले ते भिजून चिंब, अंगात ताप. विचारलं, भेटली? तर म्हनाले, नाय. घराला कुलूप होतं. वाडीतली सगळी मंडळी रोह्याला प्रार्थनेच्या मेळाव्याला गेली होती, म्हनाले. परत जाईन एक डाव. पन त्यानंतर उठलेच नाय तसे."

सरूने मूठ बांधली आणि बाजूला ठेवली.

"मी म्हनायची, चिठ्ठी टाकू या. तर म्हनाले, नको, ती लई भली बाई हाय, भेटली असती तर तिनं आत घेतलं असतं. आपलंच नशीब, ती घरात नव्हती."

गिरजाबाई तोंड उघडून बहिणीकडे बघत राहिली. पाटावरून ती मागे चिखलात बसली, लुगड्यासकट.

"बाय? काय झालं गो?"

घराला कुलूप नव्हतं.

त्या दिवशी वाडीतली पाचही ख्रिस्ती घरं मेळाव्याला गेली होती, रघूसुद्धा, आणि बाकीची वाडी शेतात होती. गिरजाबाई तापाने घरी राहिली होती. सकाळी दहाच्या सुमाराला अंगणात खोकल्याचा आवाज आला. फटीतून तिने पाहिलं. प्लास्टिकच्या घोंगत्याखाली एक हाडांचा सापळा उभा होता. ओळखायला तिला वेळ लागला. ओळखल्यावर तिने आतून कडी घातली.

त्याने दार वाजवलं नाही. जोत्यावर बसला. "गिरजा," म्हणाला, "एक डाव दार उघड. आत नाय येत. नुस्तं उघड." ती गप्प राहिली. तो पुन्हा म्हणाला. त्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून ती भजनं म्हणू लागली. मोठ्याने. प्रभूच्या दयेची भजनं, एकामागून एक, घसा बसेपर्यंत. मधेच थांबली की खोकला ऐकू यायचा, मग पुन्हा सुरू. दुपार कलल्यावर तिने फटीतून पाहिलं तर जोतं रिकामं होतं. दार उघडून तिने शेणाचा गोळा घेतला आणि तो बसला होता तेवढी जागा सारवून काढली. कुणालाही सांगितलं नाही. लपवलं, असं तिला कधी वाटलंही नव्हतं. आपण पापाला दारात थांबवलं, असंच ती धरून चालली होती.

आणि तो माणूस तापात परत गेला, आणि त्याने सांगितलं की घराला कुलूप होतं.

"बाय, बोल ना. मी सांगायला नको होतं काय?"

गिरजाबाई चिखलातून उठली. रोपांच्या मुठी तशाच टाकून घराकडे चालू लागली. संध्याकाळी तिने चूल पेटवली, तिघांचा भात टाकला, गोठ्याच्या दाराशी गेली.

"उठ," ती म्हणाली. "घरात चल."

सरू हलली नाही. तिला वाटलं घालवून द्यायला आली.

"उठ ना गो. भात निवतोय."

रघूने मावशीला उंबऱ्यातून आत येताना पाहिलं आणि ताट बाजूला सारलं. "आई, हे काय चालवलंयस?"

"जेव तू."

"माजा बाप हिनं नेला. तूच सांगत आलीस मला. चौदा वर्सं तूच सांगत आलीस."

"सांगत आले."

"मग?"

गिरजाबाईने सरूच्या ताटात भात वाढला. रघू उठून गेला आणि पडवीत तोंड फिरवून निजला.

*

शनिवारी दाजी आले. पडवीत बसले, छत्री मिटली, चहा घेतला. सरू आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज ऐकू येत होता, आणि दाजींनी मुद्दामच आवाज चढवला.

"गिरजाबाई, मंडळीत बोलनं चाललंय. ही बाई तुमच्या घरात कशी?"

"बहीन हाय माजी."

"बहीन तेव्हा पन होती. उद्या पाळकबाबा येनार. प्रभुभोजन हाय. लोक विचारनार, ज्या बाईनं पोपटासारख्याला सोडला नाय, तिच्या घरात हे काय. तुम्हीच उभं राहून सांगा, की हिला थारा दिलेला नाय, लावनी उरकली की जाईल. म्हंजे बोलनं मिटलं."

"उभी राहून सांगते," गिरजाबाई म्हणाली.

दाजींना बरं वाटलं. छत्री उघडून ते गेले.

रविवारी पाऊस एवढा होता की पत्र्याखाली बोललेलं ऐकू येत नव्हतं. पाळक हळू आवाजाचे, म्हातारे. पाच घरांची तीसेक माणसं. सरू दाराबाहेर वळचणीला बसली होती. आत ये असं तिला गिरजाबाईने दोनदा सांगितलं, ती आली नाही. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. क्षमेच्या ओळीला आल्यावर गिरजाबाईचा आवाज बंद पडला. शेजारच्या बाईने तिच्याकडे पाहिलं.

भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला मेजावर ठेवला होता. दाजी उठून म्हणाले, "भोजनाच्या आधी गिरजाबाई दोन शब्द बोलतील."

ती उभी राहिली. पदर डोक्यावर ओढला.

"माजा नवरा वारला," ती म्हणाली. "तुम्हाला ठावं हाय. ठावं नाय ते सांगते. दोन वर्सांमागं तुम्ही मेळाव्याला गेलता तेव्हा तो आला होता. माफी मागायला. मी आत होते. मी कडी घातली."

पाऊस पत्र्यावर आपटत होता. मागच्यांना ऐकू आलं नाही. कुणीतरी विचारलं, "काय म्हनली?" म्हणून तिला ओरडून सांगावं लागलं.

"कडी घातली मी! तो भिजत बसला आनि मी भजनं म्हनत बसले, त्याचा आवाज नको म्हनून! आजारी मानूस होता. त्या तापातनं तो परत धड उठला नाय. आनि त्यानं जाऊन माज्या बहिनीला सांगितलं, घराला कुलूप होतं. मला वाईट म्हनू दिलं नाय त्यानं."

बायांनी तोंडाला पदर लावले. पाळकांचे हात मेजावर तसेच राहिले.

"ह्या जागेवर उभी राहून मी लोकांची पापं सांगितली. सरूला घराबाहेर काढायचं तर कोनत्या तोंडानं काढू? मी तिला ठेवून घेतलीय. माफ केलीय. तिनं मला करावं, आनि तुम्ही."

दाजी पांढरेफटक पडले होते. "गिरजाबाई, मग... मग आज भाकर घेऊ नका तुम्ही."

"नाय घेत."

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने पोपट उभा राहिला. काळा, किरकोळ माणूस. "माज्या येळेला," तो म्हणाला, "माज्या येळेला तुला हे आठवलं नाय?"

"नाय आठवलं," गिरजाबाई म्हणाली.

पोपट तिच्याकडे बघत उभा राहिला, त्याचा जबडा हलत होता. मग तो खाली बसला. शेवटी म्हाताऱ्या पाळकांनी प्याला उचलला, आणि थोडा रस मेजावरच्या पांढऱ्या फडक्यावर सांडला.

गिरजाबाईने मागे वळून रघूला शोधलं. त्याची जागा रिकामी होती. दारात सरू उभी होती, भिजलेली, दोन्ही हातांनी चौकट धरून. बहिणीकडे ती अशी बघत होती की जणू ह्या बाईला तिने कधी पाहिलंच नव्हतं.

*

रघू घरी पिशवी भरत होता.

"सोमवारी खाडा करनार होतास," आई म्हणाली. "वरचं खाचर राहिलंय."

त्याने चेन ओढली, ती अडकली, पुन्हा ओढली.

"रघू."

"मी आठ वर्सांचा होतो," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "रोज सांजच्याला रस्त्यावर जाऊन उभा राहायचो, बाबा येतील म्हनून. तू बघायचीस मला. तू घरात बोलवायचीस. आनि बाबा आले तर तू..." तो थांबला. "दोन वर्सं माज्याबरोबर जेवलीस. दर शनिवारी. आनि बोलली नायस."

मावशीला जो शब्द तो बोलला नव्हता तो आता आईला बोलेल असं सरूला वाटलं, आणि ती मध्ये पडली, "रघू, तिला नको..." त्याने तिला हाताने बाजूला केलं आणि पावसात निघून गेला. एसटीचा थांबा अर्ध्या कोसावर. गिरजाबाई जोत्यावर येऊन बसली ती दिवेलागणीपर्यंत.

सोमवारी बाया कमी आल्या. पाचच. बाकीच्यांनी निरोपही धाडला नाही. वरचं खाचर नांगरटीविना पडलं होतं आणि काढलेली रोपं पाण्यात पिवळी पडायला लागली होती. गिरजाबाई बैल घेऊन स्वतः गेली. नांगराच्या रुमण्यावर तिचा भार पडेना, फाळ वरवर घसरायचा. दुसऱ्या फेरीला ती पडली. बैल थांबले. पाच बाया बांधावरून बघत होत्या, एकही हसली नाही.

कुणीतरी तिच्या हातातून रुमणं घेतलं. पोपट होता.

"बाजूला हो," तो म्हणाला.

"पोपट, मी तुला..."

"रोपं पिवळी पडली," तो म्हणाला. "मागनं बोल काय ते." आणि त्याने बैलांना हाक मारली. मागून तो काही बोलला नाही, तिलाही बोलू दिलं नाही. दुपारपर्यंत चिखलणी करून, पाय धुऊन गेला. बहिणींनी आणि पाच बायांनी खाचर बुधवारी पुरं केलं.

रघूचा निरोप नव्हता. नेहमी तो शनिवारी यायचा, त्या शनिवारी आला नाही. गिरजाबाईने बांगड्या काढून फडताळात ठेवल्या. रोज ती भात जास्त टाकायची आणि सकाळी दोघी शिळा खायच्या. एका सकाळी सरू म्हणाली, "मी जाते, बाय. मी गेले तर तो येईल."

"तुज्यामुळं नाय गेला तो."

"तरी पन."

"तू गेलीस तर मला हे सांगायला कोन राहील?" गिरजाबाई म्हणाली. "करपलेल्या भाताचं. आनखी काय काय करायचा तो. मला काय ठावं नाय गो. चौदा वर्सं मी त्याला एकाच दिसात धरून ठेवलं."

सरू रडू लागली. आल्यापासून पहिल्यांदा.

रविवारनंतरच्या नवव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, रघू आला. कंपनीच्या कपड्यांतच होता, रात्रपाळी करून. दारातच उभा राहिला आणि मावशीला म्हणाला, "कुठं पुरलंय ते दाखव."

आईकडे त्याने पाहिलं नाही. पण ती छत्री घेऊन मागून निघाली तेव्हा नको म्हणाला नाही.

एसटीत तिघं तीन बाकांवर बसली. पेणला उतरून खाडीकडे चालत गेली. शेवटचं घर मागे पडलं, मग नुसता बांध, एका अंगाला तिवरांची झुडपं आणि दुसऱ्या अंगाला पावसाच्या पाण्याखाली बुडालेलं मिठागर. पावसाळ्यात आगर बंद. राखणदाराची एक झोपडी तेवढी होती. राखणदाराचं नाव सखा. सरूला बघून तो बाहेर आला.

"आलीस गो? ही कोन मानसं?"

सरू गोंधळली. गिरजाबाईच म्हणाली, "मी त्याची बायको. हा लेक."

सखाने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. पुढे विचारलं नाही. बांधावरून पुढे चालू लागला, चालता चालता बोलत. "तुमच्यात पुरतात, हे आम्हाला ठावं नव्हतं. आम्ही लाकडं आनली होती. ही म्हनली, खड्डा खना. गावात कुठं न्यावं, तर तिथं विचारतील तू त्याची कोन, म्हनून ही जाईना. मग हितंच खनला. उधानाचा दिवस, कमरेएवढा खनला तर पानी भरलं. आम्ही चौघं पाटीनं उपसतोय, पुन्हा भरतंय. तुमची प्रार्थना कोनाला येत नव्हती. हिच्या तोंडातनं शब्द फुटेना. मग मीच म्हनलो, देवा, हा मानूस कोनाशी भांडला नाय. एवढंच म्हनलो."

बांधाच्या पोटाला, भरतीची खूण होती तिच्या हातभर वर, मातीचा उंचवटा होता. एका बाजूने खचला होता. खाडीच्या पाण्याने कड खाल्ली होती.

रघू त्याच्यासमोर उभा राहिला. "माजं नाव काढायचे?" त्याने विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही.

"रोज," सरू म्हणाली.

गिरजाबाई गुडघ्यांवर बसली. तिला प्रार्थना करायची होती, पण आली नाही. ती खचलेल्या मातीवर हात ठेवून बसून राहिली.

"ह्या पावसाळ्यात जाईल हे," सखा म्हणाला. "दगड हवा होता. बांधाचे पडलेत, पन एकट्याला हलत नाय."

पलीकडे बांधातून सुटलेली काळ्या दगडाची लांबट शिळा चिखलात रुतली होती. रघू उतरला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलात गेली. शिळेखाली बोटं घालून त्याने जोर लावला. ती हलली नाही. पुन्हा लावला. मानेच्या शिरा फुगल्या. सरू खाली उतरली आणि तिने एक कड धरली. शिळा वीतभर उचलली आणि परत बसली.

रघू धापा टाकत सरळ झाला. वर बांधावर आई उभी होती, उतरावं की नाही हे न कळून, एक पाय पुढे टाकून.

"आई," तो म्हणाला, "त्या कडेला लाग."